गाडी उभी असली तरी जुनी होते

(महाबळेश्वर इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मी काही प्राध्यापक नाही, हे आधीच सांगतो. वाईला माझं गॅरेज आहे, आणि गेली तीसेक वर्षं महाबळेश्वर-पाचगणीच्या गाड्या खाली उतरल्या की त्यातल्या बऱ्याचशा माझ्या दारात येतात. संयोजकांनी विषय दिला ‘जुन्या गाडीची देखभाल’. मी म्हटलं, एवढा मोठा विषय नको. इथं ज्या प्रकारची जुनी गाडी सगळ्यात जास्त विकली जाते, तिच्याबद्दलच बोलू.

ती गाडी कोणती, हे तुम्हाला माहीत आहे. बंगल्यावरची गाडी. मालक मुंबईला नाहीतर पुण्याला. सीझनला येणार, बाजारात जाणार, वेण्णा लेकवर जाणार, परत बंगल्यावर. बाकी वर्षभर गाडी पोर्चमध्ये. मग कधीतरी बंगला विकला जातो, नाहीतर साहेबांना गाडी चालवणं झेपेनासं होतं, आणि ती गाडी आपल्यापैकी कुणीतरी घेतो. माझ्याकडे आणतो आणि मोठ्या कौतुकानं सांगतो, “चौदा वर्षांची आहे, पण फक्त 21 हजार किलोमीटर पळालीये. फर्स्ट ओनर. काही करायला नको, नुसतं ऑइल बदला.”

आता हिशोब करा. 14 वर्षांत 21 हजार म्हणजे वर्षाला दीड हजार, महिन्याला सव्वाशे किलोमीटर. त्यातही पावसाळ्याचे चार महिने ती हललेलीच नसते. म्हणजे ही गाडी कमी पळालेली आहे हे खरं, पण तिनं चौदा पावसाळे खाल्लेत हेही तितकंच खरं. आणि पावसाळे कुठले? महाबळेश्वरचे. इथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुलै 2021 मध्ये तर चोवीस तासांत 590 मिलिमीटरच्या वर पडला होता, तो दिवस इथल्या कुणी विसरलेलं नाही. पाऊस टेकायच्या आत आपण घराच्या भिंतींना ताट्या बांधतो, प्लॅस्टिकचे कागद लावतो. गाडीवर मात्र एक कव्हर टाकतो, की झालं. ते कव्हरसुद्धा आतली ओल बाहेर जाऊ देत नाही.

गाडीबरोबर कंपनीचं एक पुस्तक येतं. कुणी वाचत नाही, म्हणून ते नेहमी नव्यासारखं असतं! त्यात सर्व्हिसिंगच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला दोन आकडे दिलेले असतात. इतके किलोमीटर किंवा इतके महिने, आणि पुढे लिहिलेलं असतं ‘जे आधी होईल ते’. रोज पळणाऱ्या गाडीचे किलोमीटर आधी होतात. बंगल्यावरच्या गाडीचे महिने आधी होतात, आणि आपण बघतो फक्त किलोमीटर. सगळा घोळ इथं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी घेतो, कारण शेवटी वेळ उरत नाही. ब्रेक.

ब्रेकच्या डबीत जे असतं त्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नाही. तेल आणि पाणी एकत्र होत नाहीत. हा द्रव पाणी ओढून घेतो. पावसाळ्यात बरणीतलं मीठ कसं ओलं होतं, झाकण लावलं तरी होतं, तसंच हे. रबरी पाइपातून, डबीच्या झाकणातून, सूक्ष्म प्रमाणात ओल आत जात राहते. गाडी पळो न पळो. आता त्यानं काय बिघडतं? बाटलीवर डॉट 3 किंवा डॉट 4 लिहिलेलं असतं. डॉट 3 नवं असताना 205 अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये, असा त्याचा नियम आहे. त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मिसळलं की हीच मर्यादा 140 वर येते. डॉट 4 ची 230 वरून 155 वर. म्हणूनच बहुतेक कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी दहा किलोमीटर चालली असली तरी.

तुम्ही म्हणाल, 140 अंश म्हणजे काय कमी झाले का? ब्रेक कशाला एवढे तापतील? तर चला, पसरणी घाट उतरू. पाचगणी ते वाई, बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता, आणि उंचीतला फरक साधारण साडेपाचशे मीटर. मारुती 800 सारखी हलकी गाडी आणि आत चार माणसं मिळून नऊशे किलो धरा. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर घरातली 15 लिटरची एक बादली पाणी गार असल्यापासून उकळेपर्यंत तापेल. त्यातला काही भाग हवेच्या विरोधात जातो, गिअरमध्ये उतरलात तर बराचसा इंजिन घेतं. पण न्यूट्रल करून, पेट्रोल वाचवत उतरलात, तर बहुतेक सगळी बादली ब्रेकच्या माथी. चार चाकांतल्या तळहाताएवढ्या पट्ट्यांवर.

मग चाकातला द्रव उकळतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ दाबली जाते. पेडल दाबलं की वाफ आकसते, पेडल तळाला जातं, आणि चाकापर्यंत काही पोचत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्या घरात घडलंय. आमच्या दाजींनी अशीच एक गाडी घेतली होती, बारा वर्षांची, 19 हजार पळालेली. आणून माझ्याच गॅरेजात लावली. मी ऑइल बदललं, फिल्टर बदलले, प्लग बदलले. ब्रेक दाबून बघितले, टणक लागले. पुढचे पॅड बघितले, निम्म्याहून जास्त शिल्लक. डबीतलं ब्रेक ऑइल चहासारखं तांबूस झालेलं मला दिसलं होतं. दिसलं होतं, हे मुद्दाम सांगतो. पण म्हटलं, 19 हजारच तर झालेत, पुढच्या खेपेला करू. लायनर तर नवे आहेत.

पंधरा दिवसांनी दाजी, आक्का आणि नात पाचगणीहून खाली येत होते. पुढच्या एका चाकाचा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना गंजून जाम झालेल्या. म्हणजे पाय काढला तरी पॅड डिस्कला घासतच होता, सगळा घाटभर. त्यात बारा वर्षांचं ओलसर ब्रेक ऑइल. घाट निम्म्याच्या वर उतरल्यावर दाजींचं पेडल तळाला गेलं. माणूस जुना, एसटीत नोकरी झालेली, डोकं थंड. पेडल भराभर पंप केलं, दुसरा टाकला, मग पहिला टाकला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत आणला आणि डोंगराकडच्या गटारात चाक उतरवलं. हँडब्रेकला तार असते, ऑइल नसतं, म्हणून तो उकळत नाही. आक्काच्या कपाळाला खोक पडली. बाकी कुणाला काही झालं नाही.

मी मोटारसायकलवरून पोचेपर्यंत पाऊण तास गेला. पेडल दाबलं, तर टणक! गार झालं की वाफेचं परत पाणी होतं, आणि ब्रेक जसे होते तसे. त्या चाकातून जळका वास येत होता म्हणून कळलं. नाहीतर ड्रायव्हर घाबरला असेल, असंच कुणीही म्हणालं असतं. दाजी मला काही बोलले नाहीत. आक्का अजून बोलते.

त्या दिवसापासून अशी गाडी आली की मी ब्रेक ऑइल आधी बदलतो आणि गिऱ्हाइकाला नंतर सांगतो. इथल्या बाजारात दोन-तीन ग्लास स्ट्रॉबेरी क्रीमला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात अर्धा लिटर चांगलं ब्रेक ऑइल येतं.

मात्र ते बदलतानाही उभ्या गाडीची एक खोड आहे, ती इथं बसलेल्या पोरांनी, गॅरेजवाल्यांनी ऐकून ठेवा. हवा काढताना आपण पेडल पार तळापर्यंत मारतो. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर थोड्याच अंतरात मागे-पुढे होतं. तेवढा भाग गुळगुळीत, आणि पुढचा, जिथं ते कधी जातच नाही तो, ओलीनं गंजलेला. पेडल तळापर्यंत मारलं की रबर त्या गंजावरून खरवडत जातं आणि फाटतं. सकाळी चांगले ब्रेक घेऊन आलेली गाडी संध्याकाळी ब्रेक बसवून जाते! म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा, पाय तिथंच थांबला पाहिजे. आणि हवा काढून झाल्यावर दोन मिनिटं पेडल दाबून धरून बघायचं. हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचं किट बदलायचं, त्यात कुरकुर नको.

मागचे ड्रम उघडायचेच. बाहेरून अंदाज करायचा नाही. व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी उचलून बघायची, आत ओल दिसली तर तो गळतोय. लायनर जाड असला तरी शूवर नखानं दाबून बघा. मधे गंज धरला की अख्खी पट्टी सुटून येते. कॅलिपरच्या पिना काढून साफ करून ब्रेकसाठी मिळतं तेच ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलंत तर रबर फुगून बसतं.

ब्रेकनंतर टायर. या गाड्यांचा टायर बघून माणूस फसतो, कारण नक्षी खोल असते. रबर मात्र खडक झालेलं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, उदाहरणार्थ 2311. म्हणजे 2011 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झालेला. दुसऱ्या बाजूचा असेल तर गाडीखाली वाकून बघावं लागतं, पण बघा. सहा वर्षं झाली की दर वर्षी तपासा, आणि दहा वर्षांच्या पुढे कितीही नवा दिसो, काढा. माझं मत विचाराल तर घाटात रोज जाणाऱ्यानं आठलाच काढावा. कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. स्टेपनीचाही आकडा बघायचा. ती तर बहुतेक वेळा गाडीबरोबरच आलेली असते.

याच आकड्यांचा आणखी एक उपयोग. मीटर 21 हजार दाखवतंय आणि टायर मात्र गाडीपेक्षा पाच वर्षांनी लहान आहेत, तर विचारा की बाबा, 21 हजारांत टायर का बदलले? उत्तर सरळ असू शकतं, फुटला असेल. पण पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, ड्रायव्हरची सीट एका बाजूला खचलेली, स्टिअरिंगला चकाकी, हे सगळं एकत्र दिसलं तर मीटर मागे फिरवलंय असं समजा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलेली गाडी असेल तर जुन्या जॉब कार्डवर प्रत्येक वेळचे किलोमीटर असतात, ती मागून घ्या. सांगली-कोल्हापूरकडची गाडी असेल तर सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघा. 2019 आणि 2021 च्या पुरात पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. गादीच्या खालचा गाळ लोक धुतात, बेल्टच्या गुंडाळीतला राहतो.

बरं, आता इंजिन. इथं लोकांना एक गोष्ट पटत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी इंजिनात खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन नीट तापलं, अर्धा तास तापलेलं राहिलं, तर ती उडून जाते. बंगल्यापासून बाजार दोन किलोमीटर. तेवढ्यात इंजिन तापतच नाही. पाणी आतच राहतं, न जळलेलं थोडं पेट्रोलही ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलचं झाकण उघडलं की आत पिवळट-पांढरी साय दिसते ती हीच. ती बघून लगेच हेड गॅस्केट गेलं म्हणून इंजिन उघडू नका. कूलंट कमी होतंय का ते आठवडाभर बघा. होत नसेल तर ऑइल बदला, गाडी लांब चालवा, साय जाते. होत असेल तर मात्र गॅस्केटचा विचार करा.

म्हणून ऑइल वर्षातून एकदा, किलोमीटर न बघता. आणि नवी घेतलेली जुनी गाडी असेल तर पहिलं बदललेलं ऑइल हजार-दीड हजार किलोमीटरवर पुन्हा एकदा काढा. ताजं ऑइल आतला वर्षानुवर्षांचा चिकट गाळ उचलून आणतं. फ्लश नावाची बाटली ओतून एका दिवसात साफ करायचा हट्ट मी तरी करत नाही. सुटलेला गाळ जाळीत अडकला तर ऑइलच चढायचं नाही.

कूलंटही वयानं जातं. रंग हिरवा आहे म्हणजे चांगलं आहे असं नाही. गंज रोखणारी त्यातली द्रव्यं तीन-चार वर्षांत संपतात. पुष्कळांनी तर नळाचं पाणी भरलेलं असतं. इथल्या उंचीवर उघड्या भांड्यात पाणी साधारण 95-96 अंशांना उकळतं, त्यामुळे रेडिएटरच्या झाकणाचं रबर घट्ट असणं इथं जास्त गरजेचं. तेच झाकण दाब धरून ठेवतं. होज पाइप चिमटीत दाबून बघा. कडकड वाजला, भेग दिसली, की बदला.

आणि टायमिंग बेल्ट. मारुती 800, जुनी अल्टो, सँट्रो या गाड्यांत तो रबराचा आहे. झाकणाच्या आत असल्यामुळे दिसत नाही, आणि किलोमीटर झाले नाहीत म्हणून कुणी विचारत नाही. तुटायच्या आधी आवाजही करत नाही. चौदा वर्षांचा मूळ बेल्ट असेल तर मी तो बदलल्याशिवाय गाडी घाटात नेऊ देत नाही. उतारावर इंजिन बंद पडलं तर ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीन वेळा पाय दाबेपर्यंतच साथ देतो, मग पेडल दगडासारखं होतं. उतारावर चावी बंद करून गाडी सोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. त्यात स्टिअरिंगही लॉक होऊ शकतं.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. वायपरचं रबर दर मे महिन्यात. बॅटरी उभ्या गाडीची 12.6 व्होल्ट दाखवली पाहिजे, 12 च्या आसपास असेल तर ती जवळपास रिकामी आहे. काचेखालच्या जाळीत सिल्व्हर ओकची पानं साठून पाण्याची वाट बुजते आणि पाणी आत पायाशी येतं. ती पानं काढा. दाराच्या खालच्या कडेची भोकं लाल मातीनं बंद होतात, ती काडीनं मोकळी करा, नाहीतर दार आतून कुजतं. उंदरांनी वायर खाल्ल्यात का ते बॉनेट उघडून बघा. आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नव्हते. ते पाइप बदलून घ्यायचे, फार खर्च नाही.

प्रश्न घेऊ या का?

(श्रोत्यांतून प्रश्न: आमच्याकडे वॉचमन दर आठवड्याला पाच मिनिटं गाडी सुरू करून ठेवतो. ते पुरेसं आहे का?)

ताई, ते बंद करायला सांगा. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, म्हणजे नुसतं पाणी तयार करून ठेवलं. सेल्फ मारायला बॅटरीतून गेलेली वीजसुद्धा नीट भरून निघत नाही. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकदा पाचगणीपर्यंत नेऊन आणायला सांगा. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात. इंजिन, ब्रेक, गिअर, टायर सगळं हलतं. जाताना दहा मिनिटं एसीही लावायचा, त्याची सील सुकत नाहीत.

(प्रश्न: पावसाळ्यात गाडी हलणारच नसेल तर?)

मग टाकी भरून ठेवा, आत मोकळी हवा जितकी कमी तितकी ओल कमी. बॅटरीची तार काढा. टायरमध्ये हवा थोडी जास्त. सपाट जागेवर उभी करा, पहिल्या गिअरमध्ये, चाकांना दोन्हीकडून दगड. हँडब्रेक मात्र लावू नका. चार महिने ओढून ठेवला तर शू ड्रमला चिकटतो, तार गंजते, आणि ऑक्टोबरात गाडी हलवताना लायनरच उपटून येतो.

(प्रश्न: एवढं सगळं करायचं तर अशी गाडी घ्यावीच का? त्यापेक्षा जास्त पळालेली बरी नाही का?)

चांगला प्रश्न आहे. सहा वर्षांची, 70 हजार पळालेली, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली गाडी आणि चौदा वर्षांची, 21 हजारवाली, दोन्ही एकाच किमतीत मिळत असतील तर मी पहिली घेईन. पण दुसरी वाईट नाही. तिचं इंजिन, गिअरबॉक्स खरंच कमी झिजलेलं असतं. फक्त किंमत ठरवताना टायर, बेल्ट, ब्रेक, बॅटरी, सगळे द्रव यांचा खर्च आधी काढून ठेवा आणि तेवढे पैसे कमी करून बोला. पंधरा वर्षं पुरी होत आली असतील तर आरटीओच्या पासिंगचा आणि पर्यावरण कराचा खर्चही धरा. दुकानदार म्हणेल, एवढी कमी पळालीये म्हणून भाव जास्त. त्याला टायरचा आकडा दाखवा.

वेळ झाली म्हणतात. खाली गेटपाशी सात-आठ गाड्या उभ्या दिसतात, दोन तरी दहा वर्षांच्या पुढच्या असतील. माझ्याकडे टॉर्च आहे. ज्यांना आपल्या टायरचे आकडे बघायचेत आणि ब्रेकची डबी उघडून घ्यायचीये, त्यांनी चला माझ्याबरोबर.